बालपणीचा ताण आणि प्रयोगशाळेतील उंदीर : वसतिगृहाने काय शिकावे?

दरवर्षी जून महिन्यात आपल्या वसतिगृहात नव्या मुलांचा प्रवेश होतो. त्यांत एक-दोन मुले अशी असतातच, की जी पहिले काही आठवडे भिंतीला पाठ लावून बसतात. मैदानात उतरत नाहीत, जेवणाच्या पंगतीत टोकाला बसतात, रात्री दार वाजले तरी दचकून उठतात. कोणाचे आई-वडील ऊसतोडीला वा वीटभट्टीवर असतात, कोणाच्या घरात मृत्यू झालेला असतो, तर कोणाच्या घरात दारू शिरलेली असते. अशा मुलाला सोडायला आलेले पालक निघताना एक वाक्य हमखास बोलतात, "गुरुजी, हे पोर जन्मापासूनच भित्रं आहे, त्याच्या नशिबातच तसं आहे."

या वाक्यात दोन विधाने दडलेली आहेत. पहिले असे, की मुलाची भीती जन्मजात आहे. दुसरे असे, की ती बदलणार नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे. माणसाचे भवितव्य जन्मानेच ठरते, हे विधान आमच्या समाजाने दोन हजार वर्षे ऐकले आणि त्याची किंमत मोजली. त्यामुळे हे वाक्य कानी पडले की मी थांबतो. या दोन्ही विधानांची तपासणी करणारे एक शास्त्र गेल्या सत्तर वर्षांत उभे राहिले आहे, आणि त्यातील महत्त्वाचे काम आपल्या मुंबईतही झाले आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची ओळख माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांना करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

उंदराची चिंता कशी मोजतात?

उंदीर बोलत नाही. मग त्याला चिंता वाटते हे कळावे कसे? शास्त्रज्ञांनी यासाठी उंदराच्या स्वभावाचाच आधार घेतला. उंदराला उघड्यावर, उजेडात आणि उंचावर धोका वाटतो, कारण तेथे घार आणि घुबड यांची नजर पडते. मात्र नवी जागा दिसली की ती धुंडाळण्याची ओढही त्याला असते, कारण अन्न तेथेच मिळायचे असते. भीती आणि कुतूहल यांच्या या ओढाताणीत तो कोणत्या बाजूला झुकतो, हे पाहायचे. चिंता मोजण्याच्या बहुतेक सर्व पद्धती या एकाच तत्त्वावर उभ्या आहेत.

1934 मध्ये कॅल्विन हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदराला एका मोकळ्या, उजळ रिंगणात सोडून त्याच्या वर्तनाची नोंद केली. भ्यालेला उंदीर किती लेंड्या टाकतो हेही त्याने मोजले. ही झाली मोकळ्या मैदानाची चाचणी. घाबरलेला उंदीर भिंतीच्या कडेकडेने फिरतो आणि मध्यभागी जायचे टाळतो. आज छतावर कॅमेरा असतो आणि उंदीर मध्यभागी किती सेकंद राहिला हे संगणक मोजतो.

दुसरी आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा उंच चौथरा. 1985 मध्ये शेरॉन पेलो, सँड्रा फाईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी मोठ्या उंदरांसाठी प्रमाणित केली. जमिनीपासून सुमारे 50 सेंटीमीटर उंचीवर चार फाटे असतात. दोन फाट्यांना दोन्ही बाजूंनी भिंती असतात, तर दोन पूर्णपणे उघडे असतात. उंदराला मध्यभागी ठेवून पाच मिनिटे सोडायचे. चिंताग्रस्त उंदीर भिंतींच्या आडोशाला बसून राहतो, तर निर्धास्त उंदीर उघड्या फाट्यावर जाऊन कडेवरून खाली डोकावतो. उघड्या फाट्यांवर घालवलेला वेळ आणि तेथे मारलेल्या फेऱ्या हे झाले चिंतेचे माप. डायझेपामसारखे चिंता कमी करणारे औषध दिले की हा वेळ वाढतो, चिंता वाढवणारे द्रव्य दिले की घटतो. म्हणून हे माप ग्राह्य धरले गेले.

आपले जे माजी विद्यार्थी शिरपूर किंवा चोपड्याला बी. फार्मसी करून आले, त्यांना हा चौथरा ठाऊक असेल. औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात चिंताशामक औषधांचा हा प्रयोग असतो. आता पदवीच्या वर्गात तो संगणकावर किंवा चित्रफितीतून दाखवला जातो.

मापाच्या मर्यादा

माप हाती आले म्हणजे सत्य हाती आले, असे होत नाही. 1999 मध्ये क्रॅब, वॉल्स्टेन आणि ड्यूडेक या तीन शास्त्रज्ञांनी एक मार्मिक प्रयोग केला. अमेरिकेतील दोन आणि कॅनडातील एक अशा तीन प्रयोगशाळांत त्यांनी एकाच वंशाचे, एकाच वयाचे छोटे उंदीर घेतले. उपकरणे सारखी, खाद्य सारखे आणि चाचणीची वेळही सारखी ठेवली. तरीही काही चाचण्यांचे निष्कर्ष तिन्ही ठिकाणी वेगवेगळे आले आणि त्यांत हा उंच चौथराही होता. पुढे 2014 मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. प्रयोग करणारी व्यक्ती पुरुष असेल तर केवळ त्याच्या वासानेच उंदरांना ताण येतो, स्त्री असेल तर तसे होत नाही. म्हणजे आपण ज्याला उंदराची चिंता म्हणून नोंदवतो, तिच्यात मोजणाऱ्याचाही वाटा असतो.

म्हणूनच चांगल्या प्रयोगशाळेत काही पथ्ये कसोशीने पाळली जातात. नोंद घेणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला आहे हे माहीत नसते. एकाच चाचणीवर विसंबत नाहीत, दोन-तीन चाचण्या घेतात. उंदीर एकूण किती हालला हेही पाहतात, कारण आजारी वा थकलेला उंदीर चिंतेमुळे नव्हे, अशक्तपणामुळेही उघड्या फाट्यावर जात नाही. तोच उंदीर त्याच चौथऱ्यावर दुसऱ्यांदा ठेवला तर त्याचे वर्तन बदललेले असते, म्हणून पहिल्याच वेळेचे माप महत्त्वाचे मानतात.

शिक्षकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा असे मला वाटते. फळ्यापुढे उभे केलेले मूल गप्प राहिले, की आपण त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा मारून मोकळे होतो. ते मूल उपाशी आहे का, त्याला ताप आहे का, त्याला आपला आवाज चढा वाटतो का, हे आपण विचारत नाही. उंदराबाबत शास्त्रज्ञ जेवढी दक्षता घेतो, तेवढी तरी दक्षता आपण मुलाबाबत घेतली पाहिजे.

आईपासून रोज तीन तास

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बालपणी भोगलेला ताण मोठेपणीच्या भीतीचे कारण होतो काय?

उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगावर केस नसतात, डोळे आणि कान बंद असतात. सुमारे दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. तीन आठवड्यांनी ते आईचे दूध सोडते आणि दोन महिन्यांत वयात येते. म्हणजे ज्या वाढीला माणसाला पंधरा-अठरा वर्षे लागतात, ती येथे दोन-तीन महिन्यांत पाहता येते. बालपणाचा परिणाम म्हातारपणापर्यंत तपासायचा असेल, तर माणसांच्या बाबतीत संशोधकाचे आयुष्य पुरत नाही. उंदरांच्या बाबतीत दोन वर्षे पुरतात.

या संशोधनाची सुरुवात एका अनपेक्षित निष्कर्षाने झाली. 1950 च्या दशकात सेमूर लेव्हिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने काही पिल्लांना रोज थोडा वेळ घरट्यातून उचलून पुन्हा ठेवले, तर काहींना अजिबात हात लावला नाही. हाताळलेली पिल्ले बिघडतील अशी अपेक्षा होती, पण मोठेपणी तीच जास्त धीट निघाली. पुढे याचे कारण उलगडले. पिल्लू पंधरा मिनिटांनी परत आले, की आई त्याला अधिक चाटते, अधिक कुशीत घेते. मात्र हा दुरावा पंधरा मिनिटांवरून तीन तासांवर गेला, तर परिणाम उलटा होतो.

हाच तीन तासांचा दुरावा मुंबईच्या संशोधनाचा पाया आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. विदिता वैद्य या 2000 सालापासून भावनांच्या मेंदूविज्ञानावर संशोधन करीत आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकून त्यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठातून पीएच. डी. मिळवली आणि त्या परत आल्या. 2015 मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला, तर 2022 मध्ये जीवशास्त्रातील इन्फोसिस पुरस्कार.

त्यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांना जन्मानंतरच्या दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून वेगळे ठेवण्यात आले. त्यानंतर त्यांना त्रास दिला गेला नाही, ती इतर उंदरांसारखीच वाढली. परंतु प्रौढ झाल्यावर मोकळ्या मैदानाच्या आणि उंच चौथऱ्याच्या चाचण्यांत ती इतरांपेक्षा अधिक चिंताग्रस्त आढळली. पंधरा दिवसांपेक्षाही कमी काळ चाललेल्या ताणाची खूण आयुष्यभर राहिली.

ही खूण मेंदूत कोठे राहते? मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप पाठवताना काही रसायने वापरतात. सेरोटोनिन हे त्यांतलेच एक. पेशीच्या पृष्ठभागावर ते स्वीकारणारी जणू कुलपे असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. बालपणी ताण भोगलेल्या उंदरांच्या मेंदूच्या पुढील भागात सेरोटोनिनच्या एका प्रकारच्या ग्राहकांचे काम वाढलेले आढळले. मग याच गटाने 2011 मध्ये पुढचे पाऊल प्रसिद्ध केले. दुराव्याच्या त्याच दिवसांत पिल्लांना हे ग्राहक रोखणारे औषध दिले, तेव्हा आईचा दुरावा तोच असूनही मोठेपणची चिंता उद्भवली नाही. म्हणजे ताण आणि त्याची खूण यांच्यामध्ये एक साखळी आहे आणि ती वेळीच तोडता येते.

2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणखी एका प्रयोगात छोट्या उंदरांच्या मेंदूतील पुढील भागाच्या उत्तेजक पेशी याच दुसऱ्या ते चौदाव्या दिवसांत कृत्रिमरीत्या जाग्या ठेवल्या गेल्या. आई जवळच होती, तरीही मोठेपणी चिंता दिसली. तेच उत्तेजन किशोरवयात वा प्रौढपणी दिले असता असा टिकाऊ परिणाम झाला नाही. यावरून जन्मानंतरचा हा आरंभीचा काळ किती नाजूक असतो, हे ध्यानी येते.

तरी ही कथा सरळ रेषेत जात नाही. याच प्रयोगशाळेने 2013 मध्ये दाखवले, की बालपणी ताण भोगलेले उंदीर ऐन तारुण्यात, विशेषतः ताणाच्या प्रसंगी, स्थळ लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांत इतरांपेक्षा सरस ठरले. पण पंधरा महिन्यांचे, म्हणजे मध्यमवयीन झाल्यावर त्यांची स्मृती इतरांपेक्षा लवकर ढासळली. हालअपेष्टांत वाढलेली आपली कितीतरी माणसे तरुणपणी जबरदस्त चिवट असतात आणि पन्नाशीत अकाली थकतात. उंदरांवरचा निष्कर्ष माणसांना तसाच्या तसा लावता येत नाही. पण 'गरिबीने माणूस कणखर होतो' असे सहज म्हणणाऱ्यांनी त्या कणखरपणाची किंमत कधी आणि कोण चुकवते, हा प्रश्न स्वतःला विचारायला काय हरकत आहे?

दोष आईचा नव्हे

येथवर वाचून एखादी माता स्वतःला दोष देऊ लागेल. कामासाठी तान्हे मूल सासूजवळ ठेवून गेलेल्या, झाडाला झोळी बांधून उसाच्या फडात उतरलेल्या माता आपल्या वाचकांत आहेत. त्यांच्यासाठी पुढील दोन प्रयोग सांगणे मला आवश्यक वाटते.

कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांना वेगळे काढलेच नाही, त्यांनी फक्त आयांचे निरीक्षण केले. काही आया पिल्लांना भरपूर चाटतात, काही कमी. 1997 मध्ये त्यांनी दाखवले, की भरपूर चाटली गेलेली पिल्ले मोठेपणी ताणाला शांतपणे तोंड देतात. त्यांच्या मेंदूत ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणारी व्यवस्था अधिक सक्षम असते. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. कमी चाटणाऱ्या आईचे पिल्लू भरपूर चाटणाऱ्या आईच्या कुशीत ठेवले, तर ते सांभाळणाऱ्या आईसारखे धीट झाले. म्हणजे भित्रेपणा रक्तातून आलेला नव्हता, तो कुशीतून आला होता. 2004 मध्ये याच गटाला असे आढळले, की आईच्या संगोपनाने पिल्लाच्या मेंदूतील एका जनुकावर रासायनिक खूण उमटते. जनुक तेच राहते, पण त्याचे काम कमी-जास्त होते. ही खूण प्रौढपणीही औषधाने बदलता आली, हे त्याच प्रयोगात दिसले.

मग काही आया कमी का चाटतात? त्या वाईट असतात काय? त्याच विद्यापीठातील पुढील कामात असे दिसले, की भरपूर चाटणाऱ्या आईलाच गरोदरपणात ताण दिला, तर तिचे चाटणे कमी होते.

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातील टॅली बराम यांच्या प्रयोगशाळेचा. तेथे आईला पिल्लांपासून दूर केले नाही. फक्त दुसऱ्या ते नवव्या दिवसापर्यंत तिच्या पिंजऱ्यातील घरट्याचे साहित्य काढून अगदी थोडेसे ठेवले. खाली जाळी आणि वर कागदी रुमालाचा एक तुकडा. आई तेथेच होती, आणि पिल्लांजवळ घालवलेला तिचा एकूण वेळही फारसा घटला नाही. पण तो वेळ तुकड्यातुकड्यांचा झाला. ती पिल्लांना जवळ घेई, लगेच सोडून साहित्य शोधायला जाई, पुन्हा येई. केव्हा येईल आणि केव्हा जाईल याचा पिल्लांना भरवसा राहिला नाही. एवढ्यानेही त्या पिल्लांच्या मेंदूवर आणि स्मृतीवर दीर्घकाळ परिणाम झाला.

हा प्रयोग वाचला तेव्हा मला उसाच्या फडाकडेची पालाची खोपटी आठवली. त्या आईची माया उणी नव्हती, तिच्या घरट्याचे साहित्य कोणीतरी काढून घेतले होते. म्हणून भेदरलेले मूल समोर आले, की आईने काय केले हा प्रश्न आधी विचारू नये. तिला मजुरी काय मिळते, डोक्यावर छप्पर आहे का, बाळंतपणानंतर किती दिवसांत तिला कामावर उभे राहावे लागले, हे आधी विचारावे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेची चिकित्सा करताना हाच मुद्दा मांडला आहे. गरिबाच्या दुःखाचे कारण त्याच्या मागल्या जन्मात शोधले, की समाज आणि राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून सुटतात.

पहिले शील आणि हे प्रयोग

आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येथे येईल आणि ती यायलाच हवी. प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे शील आपण रोज वंदनेत घेतो. मग मुक्या पिल्लांना आईपासून तोडून मिळवलेले ज्ञान आपण कसे स्वीकारावे?

ही शंका टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या देशात 1960 चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम यांनी अशा प्रयोगांवर बंधने घातली आहेत. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असते, तिच्यात संस्थेबाहेरचे सदस्यही असतात आणि तिच्या मान्यतेशिवाय प्रयोग करता येत नाही. प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग असेल तर तो वापरावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी असावी, त्यांना होणारे क्लेश कमीत कमी असावेत, ही तीन तत्त्वे जगभर मान्य झाली आहेत. तरी मोजक्या का होईना, जिवांना क्लेश होतात हे सत्य उरतेच. माझ्या मते यातून आपल्यावर एक ऋण चढते. या जिवांच्या दुःखातून जे कळले, ते कळूनही आपण आपल्या मुलांशी पूर्वीसारखेच वागत राहिलो, तर ती हिंसा वाया गेली असे होईल. हे ज्ञान करुणेसाठी वापरणे, एवढेच ते ऋण फेडण्याचे साधन आपल्या हाती आहे.

खूण राहते, पण वाट बंद होत नाही

आता दुसरे विधान उरले, भीती बदलणार नाही हे. याचे उत्तर मॉन्ट्रियलच्याच एका प्रयोगाने 2002 मध्ये दिले. आईच्या दीर्घ दुराव्यात वाढलेल्या पिल्लांपैकी काहींना दूध सुटल्यानंतर, म्हणजे किशोरवयात, समृद्ध परिसरात ठेवण्यात आले. मोठा पिंजरा, अनेक सोबती, चढायला-लपायला जागा, हाताळायला नवनव्या वस्तू. उरलेल्यांना नेहमीच्या पिंजऱ्यात ठेवले. समृद्ध परिसरात वाढलेल्या उंदरांचे ताणाच्या प्रसंगीचे वर्तन आणि त्यांचा संप्रेरकांचा प्रतिसाद, दोन्ही मोठेपणी दुरावा न भोगलेल्या उंदरांसारखे झाले.

पण संशोधक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मेंदू तपासला, तेव्हा दुराव्याची एक मूळ खूण तेथे तशीच आढळली. ती पुसली गेली नव्हती. मेंदूने दुसऱ्या मार्गाने तिची भरपाई केली होती. या संपूर्ण लेखातून वाचकांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही ठेवावी. बालपणाचे दुःख घडलेच नाही असे करता येत नाही. परंतु नंतरचा परिसर चांगला असेल, तर त्या दुःखाची भरपाई होऊ शकते.

माणसांतही याला पुष्टी मिळाली आहे. रुमानियात 1989 मध्ये हुकूमशाही कोसळली, तेव्हा हजारो बालके मोठमोठ्या अनाथालयांत खितपत पडलेली जगाला दिसली. तेथे अन्न होते, पण जवळ घेणारे कोणी नव्हते. पुढे बुखारेस्ट शहरात 136 बालकांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून निम्म्या बालकांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी, माणसांशी असलेली जवळीक आणि भावनिक आरोग्य अनाथालयात राहिलेल्यांपेक्षा चांगले आढळले, आणि जी लवकर गेली त्यांना अनेक बाबतींत अधिक लाभ झाला.

आपल्या परंपरेला हे अनोळखी नाही. सिद्धार्थाची माता महामाया त्याच्या जन्मानंतर सातव्या दिवशी निवर्तली, त्याला महाप्रजापती गौतमीने वाढवले. बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या, तेव्हा मीराबाई आत्यांनी त्यांना पोटाशी धरले. या महापुरुषांच्या थोरवीचे कारण एवढेच होते, असे कोणी म्हणणार नाही. पण आई गेली म्हणून मूल संपले नाही, कारण कोणीतरी पुढे आले, ही नोंद इतिहासाने ठेवली आहे. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जानेवारी 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. नुसती शाळा उघडून भागत नाही, मुलाला राहायला परिसर लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या वसतिगृहापुरते

पालकांच्या मनातील एक भीती प्रथम दूर करतो. 'आईचा दुरावा' हे शब्द वाचून दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवणे म्हणजे तेच, असे समजू नये. प्रयोगातील पिल्लांचे डोळेही उघडलेले नव्हते. दहा वर्षांचे मूल बोलते, आठवण काढते, सुटीत घरी येते आणि आई परत भेटणार हे त्याला कळते. मात्र हा फरक खरा ठरण्यासाठी आई खरोखर भेटली पाहिजे. रविवारी येतो म्हणून सांगितले तर आलेच पाहिजे, येणे जमणार नसेल तर शनिवारीच कळवले पाहिजे. भेटी कमी असल्या तरी चालतील, पण त्या भरवशाच्या असाव्यात. टॅली बराम यांच्या प्रयोगातील पिल्लांना नेमका हा भरवसा मिळाला नव्हता.

आम्हा शिक्षकांनी आणि अधीक्षकांनी शिकण्यासारखे त्याहून अधिक आहे. पहिल्या महिन्यात कोणत्याही नव्या मुलावर 'भित्रा', 'मुका', 'हट्टी' असा शिक्का मारू नये. नव्या चौथऱ्यावर ठेवलेल्या उंदराचे ते पहिले पाच मिनिटांचे वर्तन असते आणि त्यात आपल्या आवाजाचाही वाटा असतो. उठण्याची, जेवणाची, वंदनेची आणि झोपण्याची वेळ पक्की असावी, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असलेले मूल कमी घाबरते. छडीचा धाक म्हणजे शिस्त, असे मानणारे कोणी आपल्यात उरले असतील, तर त्यांनी जाणावे, की आधीच ताण भोगून आलेल्या मुलाच्या मेंदूला ती छडी इतरांपेक्षा अधिक खोल लागते. मैदान, वाचनालय, गाण्याचा वर्ग, बाग आणि सवंगडी या चैनीच्या गोष्टी नाहीत. उंदराला मोठा पिंजरा आणि सोबती जे देतात, तेच त्या मुलाला देतात. मूल रात्री झोपत नसेल, अंथरूण ओले करीत असेल किंवा आठवडेच्या आठवडे बोलत नसेल, तर अंगारा-धुपारा न करता डॉक्टरांकडे न्यावे. मनाचा आजार हा मेंदूचा म्हणजे शरीराचाच आजार आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दीपनगर परिसरात आणि खानदेशभर विखुरलेल्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. तुमच्यापैकी अनेक जण त्या भिंतीला पाठ लावून बसलेल्या मुलांपैकीच होते. कोणी त्या वेळी तुमच्याशेजारी येऊन बसले असेल, कोणी आपल्या डब्यातील लाडू पुढे केला असेल. या जूनमध्ये नवी मुले येतील तेव्हा एखाद्या रविवारी वसतिगृहात या, त्यांच्याशी खेळा आणि पुन्हा येईन म्हणालात तर नक्की या. देणगीची पावती शाळेला लागतेच. पण त्या मुलाला एक मोठे माणूस पाहायला मिळणे गरजेचे आहे, जे त्याच भिंतीशी बसले होते आणि नंतर उठून मैदानात गेले.

आणि पुढच्या वेळी कोणी पालक म्हणाले, "गुरुजी, हे पोर जन्मापासूनच भित्रं आहे", तर त्यांना शांतपणे सांगावे, "दादा, जन्मापासून नाही. त्याच्या वाट्याला जे आलं त्यातून ते भित्रं झालं आहे. आता त्याच्या वाट्याला काय येईल, हे तुम्ही-आम्ही मिळून ठरवू."